वही कोणाच्या नावाची

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी. सारा किती आला, कोणाकडे किती थकला, कोणाच्या नावावर किती जमीन, हे लिहून ठेवणे त्यांचे वतनाचे काम. परंपरा अशी सांगते, की ते पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि पूजा संपेपर्यंतही त्याने दम धरला नाही. महिपतींनी कचेरीतले काम उरकले, घरी येऊन लेखणी खाली ठेवली आणि यापुढे संतचरित्रांखेरीज कशासाठीही ती उचलायची नाही, असा निश्चय केला. ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ त्यांचेच. कीर्तनात ही गोष्ट सांगतात ती हिशेब सुटला तेव्हा भक्ती सुरू झाली, अशा अर्थाने. हा समज आपल्याकडे खोलवर मुरला आहे. रोजचा खर्च पै-पैने लिहिणारा, घरातल्या वस्तू मोजून ठेवणारा माणूस काटकसरी म्हणून नावाजला जाईल, पण धार्मिक म्हणून कोणी त्याच्याकडे बघणार नाही. उलट त्याचा जीव पैशात अडकला आहे, असेच म्हणतील. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा आहे हे दाखवणारा पुरावा याच जिल्ह्यात पसरलेला आहे. संतांनी टाकला तो हिशेब एका विशिष्ट प्रकारचा होता. दुसऱ्याकडे माझे किती निघते, हा. मी किती खाल्ले, किती वापरले, किती अडवून ठेवले, हा हिशेब त्यांनी टाकला नाही. तो तर त्यांनी अधिक कडक केला.

यातला पहिला साक्षीदार स्वतः महिपतीच. त्यांनी तुकोबांचे चरित्र लिहिले आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी काय झाले, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. खते आधी निम्मी निम्मी वाटली गेली. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा वेगळा निघाला आणि नदीत गेला तो फक्त तुकोबांच्या वाट्याचा कागद. म्हणजे वाटणी चोख झाल्याशिवाय त्यागाला हात घातलेला नाही. भावाच्या हक्काचे येणे आपल्या वैराग्याच्या भरात बुडवले असते, तर तो त्याग झाला नसता, भावावर अन्याय झाला असता. आणि जे बुडाले त्यात तुकोबा काय देणे लागतात, याची एकही चिठ्ठी नव्हती. ज्या लेखणीने हे लिहिले तिचा स्वभावही बदललेला नाही. महिपती आपल्या आधीच्या चरित्रकारांची, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांची, नावे घेऊन त्यांचे ऋण मान्य करतात आणि ग्रंथाच्या शेवटी शक नोंदवतात. माल कोणाकडून आला आणि कधी आला, हे लिहिल्याशिवाय पान न मिटणारा कुलकर्णी त्या ओव्यांतही आहे. त्यांनी लेखणी बदलली नाही, कोणाच्या चाकरीत लिहायचे ते बदलले.

एकनाथांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि देवगिरी तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत. गुरूंच्या दप्तराचे जमाखर्च एकनाथ बघत. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर जागून त्यांनी आकडे तपासले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. जागे झालेल्या जनार्दनस्वामींनी विचारले आणि कारण कळल्यावर म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल. ही कथा हिशेब किती क्षुद्र आहे हे पटवण्यासाठी सांगितली जाते. पण गुरूंनी ती रात्र वाया गेली असे म्हटलेले नाही. उलट ज्याला एक पै डोळ्याआड करवत नाही, तोच स्वतःच्या मनातली खोट डोळ्याआड करणार नाही, हे त्यांनी त्या टाळीत ओळखले आणि पुढच्या साधनेसाठी हाच शिष्य योग्य, असे ठरवले. ‘एका पैने काय होते’ असे म्हणून झोपी जाणाऱ्या शिष्याला त्यांनी साधनेसाठी शूलिभंजनाच्या डोंगरावर पाठवले असते, असे मला वाटत नाही.

आता नेवाशाकडे या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका पूर्ण केली. सहाव्या अध्यायात योग्याचा आहार-विहार कसा असावा हे सांगताना ते पुन्हा पुन्हा मापाची भाषा वापरतात. खावे तर मोजून, बोलावे तर मोजून, चालावे तर मोजक्या पावलांनी, झोपेलाही तिची वेळ द्यावी. जिभेचे गुलाम होऊ नये आणि हट्टाने उपाशीही राहू नये. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की माप दोन्ही बाजूंना लागते. खर्च लिहिण्याचा हेतू खर्च कमी करणे हाच असतो, असे आपण धरून चालतो. पण ज्या घरात दुधाची पिशवी पाण्याने वाढवली जाते आणि त्याच घरात फोनच्या नव्या मॉडेलचा हप्ता जातो, त्या घरात एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, असे दोन्ही दोष एकाच पानावर उभे असतात. लिहिल्याशिवाय ते शेजारी शेजारी दिसत नाहीत. हल्ली तर पैसा हातातून जातच नाही. टपरीवर चहा घेतला, चौकोनी कोडवर फोन धरला, आवाज आला, झाले. नोट मोडताना क्षणभर जो विचार व्हायचा, तोही उरलेला नाही. म्हणून आज एखाद्याने रात्री दिवसभराचा खर्च वहीत उतरवला, तर तो त्या दिवसाकडे साक्षी होऊन पाहतो. योग्याला अपेक्षित असलेली सावधता याहून फार वेगळी नाही.

वस्तूंच्या बाबतीत हा विचार सर्वांत काटेकोरपणे जैन श्रावकांनी केला. नगर हे स्थानकवासी जैनांचे मोठे केंद्र. आचार्य आनंदऋषीजी (१९००–१९९२) याच जिल्ह्यातल्या चिचोंडीचे आणि त्यांनी देह ठेवला तोही नगरलाच. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतले शेवटचे परिग्रह-परिमाणाचे. साधूला सर्वस्व सोडायचे असते, गृहस्थाला मर्यादा आखायची असते. जमीन किती, घरे किती, सोने किती, धान्य किती, हे बोलून ठरवायचे आणि त्यापुढे जायचे नाही. त्याच्या जोडीला रोजचे चौदा नियम. आज किती पदार्थ खाईन, किती कपडे वापरीन, पायात किती जोड घालीन, कोणत्या वाहनात बसेन, कशावर झोपेन, कोणत्या दिशेला किती अंतर जाईन, विडा आणि फुलाचा वास यांनाही मर्यादा. सकाळी ठरवायचे, संध्याकाळी आठवून तपासायचे. इथे मोजणी हे व्रताचे साधन नाही, मोजणी हेच व्रत आहे. कपाटात साड्या किती आहेत हे जिला माहीतच नाही, तिला ‘इतक्याच ठेवीन’ असा संकल्प करता येणार नाही. अपरिग्रहाची भाषणे आपल्याकडे खूप होतात. पण त्याची सुरुवात कपाट उघडून मोजण्यापासून होते, हे सांगणारे थोडे.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातले काही खरे आहेत. हिशेबाने माणूस चिक्कू होतो, हा नेहमीचा. मला तो टिकणारा वाटत नाही. चिक्कू माणसाला आपल्याकडे किती आहे याची धास्ती असते, आपण किती वापरले याची नोंद त्याला नको असते. प्रामाणिकपणे लिहिलेल्या वहीत दानाचाही रकाना असतो, आणि तो महिनोन्‌महिने कोरा राहिला की लिहिणाऱ्यालाच टोचतो. दुसरा आक्षेप शिर्डीचा. साईबाबांनी कुठे वही ठेवली होती? अंगावर कफनी, हातात सटका, चिलीम, टमरेल, उशाला वीट. दक्षिणा यायची ती वाटली जायची. खरे आहे. पण गोविंद रघुनाथ दाभोलकरांचे ‘साईसच्चरित’ नीट वाचावे. हंडीत अन्न शिजवायचे असले की बाबा स्वतः बाजारात जात, जिन्नस निवडून घेत आणि रोख पैसे देत. शिडी आणून देणाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे दोन रुपये दिले, आणि एवढे का, असे विचारल्यावर कोणाचे कष्ट फुकट घेऊ नयेत, असे सांगितले. त्यांची बाकी कोणाकडे राहत नव्हती. ज्याची संध्याकाळची शिल्लक शून्य, त्याला ती पुढच्या पानावर ओढावी लागत नाही. आपली शून्य होत नाही, म्हणून आपल्याला वही लागते.

घरातल्या नात्यांचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. आईच्या आजारपणात कोणत्या भावाने किती घातले, बहिणीला भाऊबीजेला काय दिले, मुलाच्या शिक्षणाला किती लागले, याची पाने जपून ठेवणारी घरे आहेत आणि त्या घरांत पुढे त्या पानांवरूनच तोंडे फिरतात. हा तोच पहिल्या प्रकारचा हिशेब, दुसऱ्याच्या नावे लिहिलेला. खर्च झाला तेव्हा तो लिहायला हरकत नाही, महिना जुळवायला तो लागतोच. पण ज्याच्यासाठी केला त्याच्या नावावर तो टाकायचा नाही. अशी पाने तुकोबांच्या वाट्याला आली असती तर ती कुठे गेली असती, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटचा आहे. ज्याच्याकडे मोजायला काही नाही, त्याला हिशेबाचे अध्यात्म सांगणे हा अपमान नाही का? याचे उत्तर देण्यापूर्वी १८७५ साल आठवावे लागेल. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला आणि तो लवकरच पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. शेतकरी जमावाने सावकारांच्या घरी जात, खते आणि वह्या मागत आणि जाळत. कागद हाती दिला की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. त्यांचा राग हिशेबावर नव्हता. जो हिशेब दुसऱ्याने लिहिला, दुसऱ्याच्या पेटीत राहिला आणि ज्यावर वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा उमटला, त्यावर होता. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू. त्यात शेतकऱ्याला दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास स्वतःचे खातेपुस्तक मिळण्याचा हक्क होता. वही जाळणाऱ्यांना अखेर हवी होती ती स्वतःची वही. तेव्हा गरिबाला काटकसर शिकवायची गरज नाही, ती त्याच्या वाट्याला जन्मापासून आलेली असते. त्याला हवा तो आपल्या कष्टाचा हिशेब आपल्या हातात. हिवरे बाजार या गावाने पाण्याच्या बाबतीत हेच केले. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आधी माणसे आणि जनावरे यांचे प्यायचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. सर्वांसमोर मांडलेल्या हिशेबात कोणाला चोरून उपसा करता येत नाही.

पण पाथर्डी, शेवगावकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची वही अजूनही मुकादमाच्या पिशवीत असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर घेतलेली उचल, बाळंतपणात किंवा तापात पडलेले खाडे, ओढलेली बाकी, सगळे तिथे. हंगाम संपल्यावर किती फिटले हे मुकादम सांगेल तेच. आणि ही गोष्ट फक्त मुकादमापुरती नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी दिवाळीला घेतलेली उचल, त्यांचे खाडे, दूधवाल्याचा महिना, हे सगळे आपण आपल्या कॅलेंडरवर आपल्या पेनाने लिहितो, आणि तो आकडा शेवटचा ठरतो. जो आपला खर्च प्रामाणिकपणे लिहायला बसेल, त्याने पहिल्या दिवशी एक छोटी वही जास्तीची आणावी, तिच्यावर ताईंचे नाव घालावे, उचल आणि खाडे त्यांच्यासमोर लिहून, वाचून दाखवावेत आणि ती वही त्यांच्याकडेच राहू द्यावी.