कोठारात कोणाचा वाटा?

रोगाची साथ येईल म्हणून पैसा बाजूला ठेवणे हा देवावरील अविश्वास आहे काय? येथे ग्वाल्हेरला शास्त्राभ्यासाच्या वेळी संडे-स्कूलच्या एका तरुण शिक्षकाने हा प्रश्न विचारला. उद्याची चिंता करू नये असे प्रभूने शिकविले; मग बँकेतील ठेव आणि विम्याचा हप्ता यांचे काय?

पवित्र शास्त्राचे उत्तर एकेरी नाही. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. परंतु शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना नासला नाही. म्हणजे साठविणे हेच पाप नव्हे. ज्या दिवशी गोळा करता येणार नाही, त्या दिवसाची तरतूद करणे हे आज्ञापालनच आहे.

असे दिवस आपण पाहिले आहेत. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि आमच्या लष्करात महाराज बाड्याभोवतालच्या दुकानांना कुलपे पडली. ज्यांचे हातावर पोट, त्यांची चूल थंडावू लागली. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, पण व्याज थांबले नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कित्येक घरांतला कर्ता माणूस गेला, आणि खात्यावर नॉमिनीचे नाव नसल्याने मागे राहिलेल्यांना बँकेत खेपा घालाव्या लागल्या.

म्हणून चांगल्या दिवसांतच तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवावा, आणि तो लगेच हाती येईल असा ठेवावा. प्रत्येक खात्यावर नॉमिनी असावा. कागदपत्रे कोठे आहेत हे पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावे. आजारपणाचा विमा प्रकृती धड असतानाच घ्यावा.

येथवर सोपे आहे. आता आमचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. त्या एप्रिलमध्ये आमच्या घरी दोन महिन्यांचे गहू-डाळ होते, पगारही चालू होता. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मात्र येणे अशक्य झाले. आम्ही त्यांना अर्धाच पगार पोचविला, आणि काम नाही तर एवढेही पुष्कळ, असे मनाशी म्हटले. पुढे कळले की घरभाड्यासाठी त्यांनी पायांतले पैंजण विकले. आमच्या तरतुदीत त्यांचे नावच नव्हते.

योसेफाने सुकाळात पाचवा हिस्सा साठविला म्हणून लोक जगले, हे आपण मुलांना शिकवितो. उत्पत्तीचा ४७ वा अध्याय सहसा शिकवीत नाही. त्यात तेच धान्य विकत घेताघेता लोकांचा पैसा गेला, गुरेढोरे गेली, शेते गेली, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. कोठाराने जीव राखला, पण माणसे मोकळी राखली नाहीत. ज्याच्या घरी साठा आहे, त्याने हा अध्याय स्वतःशी वाचावा.

तेव्हा त्या शिक्षकाला आमचे उत्तर असे: जरूर साठवा; परंतु हिशेबाच्या वहीत घरच्या माणसांखाली आणखी एक ओळ लिहा. आपल्या पगारावर ज्यांची चूल पेटते, त्यांचेही तीन महिने त्यात धरा. रक्कम जमायला अधिक काळ लागेल, लागू द्या. हा दानधर्म नव्हे, हे देणे आहे.

उरलेला अर्धा पगार आम्ही जूनमध्ये नेऊन दिला. बाईंनी काही न बोलता घेतला. पैंजण मात्र परत आले नाहीत.