औषध विचारून घ्यावे



पावसाळ्यात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गजकर्ण, खरूज, गळवे यांच्या तक्रारी ऐकू येतात. मग कोणी तुरटी फिरवतो, कोणी गंधक तेलात कालवतो, तर कोणी जखमेवर मातीच दाबतो आणि वर हदीसचा दाखला देतो.

दाखला खरा आहे. जखमी माणसासाठी प्रेषित (स.) बोट जमिनीला टेकवून शिफेची दुआ करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. पण त्या दुआत शिफा मागितली आहे ती रब्बच्या अनुमतीने. मातीला स्वतःचे सामर्थ्य मानणे हा तिचा अर्थ नव्हे.

मातीत गुण नाहीत असेही नाही. जॉर्डनमध्ये त्वचारोगांवर परंपरेने वापरल्या जाणाऱ्या तांबड्या मातीत रोगजंतूंना मारणारी द्रव्ये निर्माण करणारे सूक्ष्मजीव आढळले. तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु मातीतच धनुर्वाताचे जंतूही असतात. शेता-गोठ्यातील माती उघड्या जखमेवर लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

गंधकाची गोष्ट वेगळी. 5 ते 10 टक्के गंधकाचे मलम खरजेवर आजही डॉक्टर देतात, तान्ह्या बाळांनाही. मात्र घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे; नाहीतर खरूज परतते. तुरटी किरकोळ रक्तस्राव थांबवते, पण तिच्या भरवशावर गजकर्ण अंगावर काढू नये. मुरदाडशिंगात शिसे आणि हिंगुळात पारा असतो. ही विषे लेकरांच्या अंगाला लावू नयेत.

औषध हा ज्ञानाचा विषय आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. निजामशाहीच्या काळात हकीम रुस्तम जुर्जानी यांनी 'झखीरा-ए-निजामशाही' हा औषधींवरील फारसी ग्रंथ लिहिला.

अबू दाऊदच्या संग्रहात एक घटना आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला जखम झाली. त्याला गुस्ल आवश्यक झाले, तेव्हा सोबत्यांनी तयम्मुमची सवलत नाकारली. त्याने स्नान केले आणि तो दगावला. प्रेषित (स.) यांना हे कळताच ते अत्यंत व्यथित झाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, असेही त्यांनी बजावले.

तेव्हा खरजेची लाज बाळगू नका, मुलांचा आजार लपवू नका. दुआ करा, आणि जाणकार डॉक्टरला विचारून औषध घ्या. दुआ आणि दवा, दोन्ही सुन्नत आहेत.

अल्लाह सर्व आजारी जनांना संपूर्ण शिफा देवो. आमीन.