वाळवंटाचा ठेका आणि भिवंडीचे माग

क्वीन्स ऑफ द स्टोन एज या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम १९९८ साली आला. गांजाच्या धुंदीवरून ज्या संगीताला स्टोनर रॉक हे नाव चिकटलं, त्यातला हा महत्त्वाचा अल्बम. कॅलिफोर्नियाच्या पाम डेझर्ट भागात वाढलेल्या जॉश हॉमने तो केला: गिटार त्याची, बास बहुतांशी त्याचाच, गाणंही त्याचं, आणि ड्रमवर आल्फ्रेडो एर्नांदेस. हा आवाज वाळवंटातून आला, असं त्याच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं. भिवंडीत बसून हा अल्बम ऐकताना मला ते अर्धंच खरं वाटतं.

वाळवंटात राहिल्याने वाळवंट आपोआप संगीतात उतरत नाही. हॉमचा आधीचा बँड कायस. त्यातली पोरं त्याच उन्हात वाढली. गावाबाहेर, पोलिसांच्या नजरेआड जनरेटर नेऊन रात्रभर वाजवायचं, अशा मैफली तिथे होत आणि कायस त्यातच घडला. तरीही त्यांचा १९९१ चा पहिला अल्बम ‘रेच’ कुठल्याही शहरात झाला असता, असा वाटतो. दुसऱ्या वर्षी ख्रिस गॉस हा निर्माता सोबत आला. बासच्या अॅम्प्लिफायरमधून काढलेला गिटारचा जाड, खालचा आवाज त्याने घासूनपुसून साफ केला नाही, आहे तसा राहू दिला. तेव्हा कुठे ती मोकळी, तापलेली जागा ऐकू येऊ लागली. जागा आधीपासून होतीच, तिला ऐकणारा कान नंतर आला.

१९९८ च्या अल्बममध्ये हॉमने आणखी एक गोष्ट केली. एकच स्वराकृती न थकता, न सजवता पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. या शैलीला त्याने स्वतः रोबॉट रॉक म्हटलं आहे. वाळवंटी म्हणवणाऱ्या अल्बमच्या गाभ्याशी असं यंत्र आहे. वाळू मला त्यात फारशी ऐकू येत नाही. पट्टा फिरतोय, दांडा आपटतोय, आणि त्याच्यावर माणसाचा आवाज तरंगतोय, हे मात्र स्पष्ट ऐकू येतं.

या संगीताचं मूळही कारखान्यातच आहे. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयॉमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, आणि पुढे १९७१ च्या अल्बममध्ये त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तार सैल झाली, बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. कायसने तारा त्याहूनही खाली नेल्या. वाळवंटाचा म्हणून जगभर ओळखला जाणारा तो खर्ज एका कामगाराच्या जखमेपर्यंत मागे नेता येतो.

म्हणून यंत्रमागांच्या भिवंडीबद्दल बोलायचं. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. प्रत्येक मागाला आपली मोटर, आपली चाल. शेजारचे दोन माग काही क्षण एका ठोक्यावर येतात, मग हळूहळू सरकत वेगळे होतात, पुन्हा भेटतात. एका शेडमध्ये असे पन्नास माग असले, की कुणीही न रचलेला, सतत बदलणारा ताल तयार होतो. वीज गेली की तो एकदम तुटतो. २००७ साली वीजवितरण खासगी कंपनीकडे जाण्यापूर्वी भारनियमनाने या शहराला ती तुटलेली शांतता वारंवार ऐकवली आहे. ज्याला पुनरावृत्तीचं संगीत करायचं आहे, त्याला याहून मोठी शाळा कुठे मिळणार?

मुंबईच्या गिरणगावाला त्याचा आवाज मिळाला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांनी कामगारांचं जगणं डफावर घेतलं, नारायण सुर्व्यांनी कवितेत आणलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं विणकाम भिवंडीसारख्या ठिकाणी आणखी वेगाने सरकलं, पण मराठी कला त्याच्या मागोमाग आली नाही. इथला विणकर उत्तर प्रदेशातून आलेला मोमीन किंवा तेलंगणातला पद्मशाली, त्याच्या ओठांवर उर्दू किंवा तेलुगू. त्याला आपण आपला कामगार मानलंच नाही, असं मला दुःखाने म्हणावं लागतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. आठ तासांसाठी आपल्या नियमांनी घातलेली मर्यादाच नव्वदची आहे आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. कान जातात. ज्याचे कान जाताहेत, त्याच्या ठोक्यावर आपण डोलायचं का? श्रोत्याला पुनरावृत्तीतून उठून जाता येतं, मागवाल्याला येत नाही, हा फरक कुठलीही कला पुसू शकत नाही. पण आयॉमीच्या हाताने एक गोष्ट दाखवली आहे. यंत्राने जे घेतलं, त्याचा हिशेब संगीतात मांडता येतो, आणि तो मांडणारा स्वतः यंत्रापाशी उभा राहिलेला असला, तर त्या संगीताला वजन येतं.

भारतात हे जड संगीत वाजवणारे आहेत. बंगळुरूच्या बेवर सीचा पहिला अल्बम २०१२ मध्येच आला. भिवंडीतून असा पहिला अल्बम निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्यात उसनं वाळवंट नसावं. तो चालू शेडमध्ये ध्वनिमुद्रित व्हावा. ड्रमरने आपली लय मागावरून घ्यावी. वाजवणाऱ्यांत कांड्या भरत मोठी झालेली पोरं असावीत. मजुरी कापडाच्या मोजणीवर मिळते, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी माग थांबवावा लागला, तर त्या वेळेची मजुरी विणकराच्या हातात आधी ठेवली जावी, आणि वादकांच्या यादीत त्याचं नाव ड्रमरच्या शेजारी छापलं जावं.