जोखीम कोणाच्या नावावर?

जे घडलंच नाही, त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? आणि ते घडू नये म्हणून केलेल्या उपायानेच इजा झाली, तर तिचा भार कोणी वाहायचा? प्रतिबंधक उपचारांच्या मुळाशी हा प्रश्न कायम असतो. मला तो भेटला चेन्नईत, एका संमतीपत्राचं मराठी करताना.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, लयीत आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी चिकटलेली असते. जर्मन भाषेत तिला ‘हेर्झओर’ म्हणतात, म्हणजे हृदयाचा कान. थरथरणाऱ्या हृदयात रक्त या कानात साचून राहतं, साकळतं, आणि तिथली गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये अलिंदातल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या इथेच सापडतात.

जुना उपाय रक्त पातळ ठेवण्याचा. त्यासाठीचं वॉरफरिन १९४८ साली उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, आणि १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आलं. आता नवी औषधंही आहेत, पण रक्तस्रावाची भीती कोणत्याच औषधात पूर्ण टळत नाही. म्हणून दुसरा मार्ग निघाला: जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, दोन अलिंदांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जायचं आणि त्या कानाच्या तोंडाशी तारांची छोटी छत्री उघडून तो बंद करायचा. काही आठवड्यांत छत्रीवर शरीराचाच पातळ थर चढतो. असं एक उपकरण, वॉचमन, २०१५ साली अमेरिकेत मान्य झालं. मात्र नळी आत असताना हृदयाला इजा होऊन भोवती रक्त साचू शकतं, छत्री निसटू शकते, आणि जो पक्षाघात टाळायचा तोच त्या टेबलावर होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं.

माझी आत्या शहात्तर वर्षांची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तिला आतड्यातून रक्तस्राव झाला होता, म्हणून डॉक्टरांनी छत्रीचा पर्याय सुचवला. ते इंग्रजीत बोलत, मधूनच तमिळवर जात. आत्याला सोलापूरची मराठी सोडून दुसरं काही नको होतं. मध्ये मी.

इंग्रजी कागदावर ‘रिस्क’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. चेन्नईच्या विजेच्या खांबांवर कवटीखाली ‘अबायम्’ असं तमिळमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे धोका. त्याचाच सख्खा भाऊ, आपला ‘अपाय’, म्हणजे प्रत्यक्ष होणारी इजा. ‘धोका’ म्हटलं की माणूस हात मागे घेतो. ‘जोखीम’ मात्र आपण उचलतो, पत्करतो. जपून न्यायच्या मौल्यवान वस्तूलाही आपण जोखमीची वस्तू म्हणतो. यातला कोणता शब्द निवडायचा हा शब्दकोशाचा प्रश्न उरत नाही. ‘धोका’ म्हटलं तर मी तिला नकाराकडे ढकलते, ‘जोखीम’ म्हटलं तर होकाराकडे. मी दोन्ही शब्द सांगितले, दोन्हींचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मग तुझं काय म्हणणं?” मी म्हटलं, “आत्या, आधी तुला कशाची जास्त भीती वाटते ते सांग.”

आकडा हा भाषेपलीकडचा निवाडा वाटतो, पण तोही माणसांनीच ठरवलेला असतो. पक्षाघाताची शक्यता मोजायला डॉक्टर गुण देतात: पंचाहत्तरी गाठली की दोन, रक्तदाबाचा एक, आणि जुन्या पद्धतीत बाई असण्याचा एक. आत्याचे झाले चार. २०२४ मध्ये युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी बाईपणाचा गुण काढून टाकला, तेव्हा त्याच शरीराचे गुण तीन झाले. हे शास्त्राचं लबाडपण नाही, स्वतःला सुधारत राहणं आहे. पण गुण समूहाचे असतात. शंभर जणींपैकी इतक्या वाचतील असं ते सांगतात. आत्या त्यांतली आहे का, हे सांगत नाहीत. छत्री बसवूनही तिला कधी कळणार नाही की तिचा पक्षाघात टळला, की तो येणारच नव्हता.

आपल्या भाषेत नैतिक हिशेबाची जुनी विभागणी आहे: काही गोष्टी ‘नशिबात होत्या’, काही ‘हातानं ओढवून घेतल्या’. काही न करता पक्षाघात झाला तर तो पहिल्या वहीत जातो, छत्री बसवताना झाला तर दुसऱ्या. खाटेवर पडलेल्या माणसाला मात्र दोन्ही सारखेच. म्हणून काहीही न करण्याला निर्दोष मानणं मला पटत नाही. गोळ्या बंद करून वाट पाहणं हाही निर्णयच आहे. तरीही या विभागणीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. नंतर कोणत्या पश्चात्तापासोबत जगता येईल हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, आणि तो हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत बसत नाही.

आत्या म्हणाली, जीव जाण्याची तिला भीती नाही; जिभेवरचे शब्द जाण्याची आणि दुसऱ्याच्या हातून घास खाण्याची आहे. हे तिने डॉक्टरांनाही सांगायला लावलं आणि मग सही केली. दुसरी कोणी याच आकड्यांवर नाही म्हणाली असती, तर तीही चुकली नसती.

माझं म्हणणं इतकंच. संमती म्हणजे माहिती इकडून तिकडे पोचवणं नव्हे, जोखीम कोणाच्या नावावर आहे हे ठरवणं आहे. ते रुग्णाच्या भाषेत व्हावं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे तर काही दिवस आधी, आणि टक्क्यांऐवजी माणसं मोजून. आणि मध्ये बसलेल्याने शब्द हलके किंवा जड करू नयेत, माया कितीही असली तरी. मायेपोटी लपवलेली जोखीम माणसाच्या अंगावर तर राहतेच. फक्त ती त्याने स्वतः पत्करलेली नसते.