पावती

आमच्या घोटीत भाताच्या गिरण्या, त्यामुळे तांदळाला तोटा नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने माणसं चालत निघाली, तेव्हा गल्लीतल्या आम्ही सहा जणींनी खिचडीच टाकायची ठरवली. पोळ्या लाटत बसणार कोण?

करोनाची टाळेबंदी २५ मार्चपासूनची. २९ मार्चला केंद्राने राज्यांना बजावलं होतं, सीमा बंद करा, मजुरांना आहेत तिथेच थांबवा. वर जमावबंदी, १८९७ चा साथरोग कायदा, दंड संहितेचं कलम १८८. म्हणून पहाटे चारला दिवा न लावता पातेलं उचलायचं. कसारा घाट चढून आलेला एक पोरगा आठवतो. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. निम्मी खिचडी खाल्ली आणि निम्मी, तशीच ओली, गरम, गमछ्यात बांधून घेतली. आठवड्याभरात पोलिसाने गाठलंच. वहीत नावं उतरवून घेतली. "मावशी, उद्या दिसलात तर केस करीन." उद्याही गेलो. फक्त जागा बदलली.

शेजारचे काका म्हणाले, "तुम्ही तर दामाजीपंत झालात!" माहेर वारकऱ्यांचं, त्यामुळे ऐकून बरं वाटलं. रात्री मात्र ते टोचायला लागलं.

दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं धान्य लोकांना वाटलं, ही गोष्ट महिपतींच्या 'भक्तिविजया'त आहे. पुढे बादशहा पंतांना पकडून आणायला सांगतो, तेव्हा विठोबा महाराच्या वेशात दरबारी जातो, दाम मोजतो आणि पावती घेतो. कीर्तनात टाळ्या पडतात त्या इथे. मला विचाराल तर कोठाराचं दार उघडलं तेव्हा पंतांना या पावतीचा पत्ताच नव्हता, म्हणून त्या उघडण्याला मोल आहे. देव भरणार हे आधी ठाऊक असतं तर तो उधारीचा व्यवहार झाला असता. आणि पावती मिळाल्यावर बादशहाचा कायदा शाबूतच राहिला की! देवालासुद्धा हिशेब चुकता करून मगच भक्त सोडवता आला, हे मला आजही खटकतं.

पण बादशहाशी भांडणं सोपं आहे. टोचत होतं ते वेगळंच. पंतांनी वाटलं ते धान्य दुसऱ्याचं होतं. आम्ही वाटला तो तांदूळ आमचा, असं मी स्वतःला सांगायचे. तेही खरं नव्हतं. घरात एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, एक संडास, एक माजघर. रोज पन्नास-साठ अनोळखी माणसांच्या जवळून मी परतत होते. हुकूम निर्दयपणे राबवला गेला, पण साथ खोटी नव्हती. मी उघडलेलं कोठार सासूबाईंच्या जिवाचं होतं, आणि त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं आणि त्या नको म्हणाल्या असत्या, तर थांबले असते का? नसते, बहुतेक. म्हणून तर विचारलं नाही.

मेच्या सुरुवातीला त्यांना खोकला झाला. तीन रात्री मी भिंतीला कान लावून ढासा मोजत होते. चौथ्या दिवशी उतार पडला. साधाच असावा. सकाळी बघते तर त्या सूप पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"तांदूळ आण ना निवडायला," म्हणाल्या. "काल खडे राहिले असतील. कुणाच्या दाताखाली आले असतील बिचाऱ्यांच्या."