मुक्ती कोणापर्यंत पोहोचली?

१९३८ साली औरंगाबादेत साधी सभा भरवायची तरी सरकारची परवानगी काढावी लागे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं परिपत्रक होतं आणि त्याच्या जोरावर कुणाचंही व्याख्यान अडवता येई. उच्च शिक्षण उर्दूतून. मराठी ही घरातली आणि बाजारातली भाषा, कचेरीतली नव्हे. अशा गावात कलकत्त्याहून गणितात एम.एस्सी. होऊन आलेला एक तरुण सरकारी शाळेत शिकवत होता. गोविंदभाई श्रॉफ. जन्म १९११ चा, विजापूरचा, घर गुजराती. कलकत्त्याहून येताना तो मार्क्सवादी विचारही बरोबर घेऊन आला होता. मराठवाड्याची बाजू पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ज्याने सर्वांत हट्टाने मांडली, तो माणूस श्रॉफ आडनावाचा असावा याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. गाऊ नका, असा हुकूम आला. मुलांनी तो मानला नाही. बघता बघता हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली. त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. औरंगाबादच्या पोरांना धीर देणारे गोविंदभाई होते, आणि सरकारी नोकरीवर त्यांनी पाणी सोडलं.

मुलांची मागणी एवढीशी होती: आमच्या खोलीत आमची प्रार्थना. पण ती नाकारण्याचा अधिकार सरकारला कुठून आला, हे विचारलं की गोष्ट प्रार्थनेपुरती राहत नाही. राज्यकर्ता प्रजेला जबाबदार नाही, म्हणून तो अडवू शकतो. इथून जबाबदार राज्यपद्धतीची मागणी सुरू होते. गोविंदभाई तिथेही थांबले नाहीत. जमीन जहागीरदाराची आणि कष्ट कुळाचे, अशी व्यवस्था तशीच ठेवून नुसता निजाम गेला तर कुळाच्या हाती काय लागणार? स्टेट काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे दोन तट पडले, तेव्हा जहालांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या बाजूने वैचारिक फळी गोविंदभाईंनी सांभाळली, ती या भूमिकेतून.

१९४७-४८ मध्ये सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, करोडगिरीचे नाके जाळले गेले. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा आणला गेला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

क्रांतिकारकाची खरी परीक्षा यानंतर असते. गोविंदभाई काँग्रेसबाहेर पडले आणि मंत्रिपदाच्या आसपासही फिरकले नाहीत. मला हा त्याग वाटत नाही. काम अर्धवट राहिलंय ही त्यांची खात्री होती.

१९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला, तोही अटी न घालता. पण मागासलेपण तसंच राहिलं. मग गोविंदभाईंनी मुक्तीची मागणी नव्या रूपात मांडली: रेल्वे रुंद करा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ द्या, सिंचनाचं पाणी द्या, अनुशेष भरा. १९७४ च्या विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९८१ मध्ये खंडपीठ आलं, दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडले. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या निवेदनांतून गोविंदभाई हेच सांगत राहिले, की एखादा प्रदेश मागे राहतो तो आपोआप नाही. कुठेतरी तसा निर्णय झालेला असतो.

आणि इथेच मला अडखळायला होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा गोविंदभाई विरोधकांत होते. मराठवाड्याची अस्मिता हा त्या बाजूचा युक्तिवाद. खेड्यांत मात्र दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांचा खून झाला. ती हिंसा गोविंदभाईंची नव्हती, पण त्यांच्यासारख्यांच्या विरोधामुळे विरोधाला प्रतिष्ठा मिळाली, हे नाकारता येत नाही. याच औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. निजामाच्या राज्यात आणि निजाम गेल्यावरही ज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागलं, त्यांच्यासाठी मिलिंदचा परिसर, म्हणजे नागसेनवन, हीच मुक्तीची पहिली पायरी होती. अन्याय झालेला प्रदेश हीच चौकट एकदा धरली की त्या प्रदेशातच कोण कोणावर अन्याय करतंय, ते दिसेनासं होतं. कुळ आणि जहागीरदार यांच्यातली रेघ ज्या माणसाने इतकी स्पष्ट ओळखली होती, त्याला ही रेघ दिसायला हवी होती. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच हे लिहितो.

१९९४ च्या १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि ३० एप्रिलला मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ आलं. साडेतीन महिन्यांच्या अंतराने झालेल्या या दोन गोष्टी इथे दोन वेगळ्या लोकांचे विजय म्हणून साजऱ्या होतात. १९३८ च्या वसतिगृहातून निघालेल्या विचारावर दोन्हींचा सारखाच हक्क आहे. विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. ते पुन्हा मागायचं असेल तर अनुशेषाच्या तक्त्यात कालव्यांच्या शेजारी दलित वस्त्यांचाही रकाना असावा, आणि तो आधी भरला जावा.