परक्या जीवांचें बिऱ्हाड

आम्ही बिऱ्हाड हलवितों तें आपल्या सोयीसाठीं. घरांतील खाऱ्या पाण्याच्या काचपेटींतील माशांस कोणी विचारीत नाहीं. त्यांचे प्राण तळच्या ओबडधोबड खडकांवरील सूक्ष्म जंतूंच्या हातीं असतात. माशांनीं टाकलेला विषारी अमोनिया तेच पालटून सौम्य करितात. वाटेंत खडक वाळले, तर नव्या घरीं पाणी नितळ दिसत असूनहि मासे मरतात. म्हणून मासे व खडक जुन्याच पाण्यांत बुडवून न्यावे. नवें पाणी हजारीं सुमारें 35 भाग क्षारांचें व पूर्वीच्याच उष्णतेचें असावें.

इतकें जपणें ही दया कीं कर्तव्य? आमच्या मतें कर्तव्यच. ज्यांस आम्हीं समुद्रापासून दूर ठेविलें, त्यांस समुद्र पुरविणें हा उपकार नव्हे. ती ऋणफेड आहे.